हेल्मेटमधले ब्लूटूथ स्पीकर: अकरा महिने वापरल्यावर

दूध काढायच्या मशीनची दुरुस्ती हे माझं काम. राहायला साताऱ्यात, पण दिवस जातो मोटरसायकलवर. आज मेढा, उद्या कोरेगाव, परवा वर्धनगडचा घाट ओलांडून पुसेगाव, दहिवडी. महिन्याला दोन-अडीच हजार किलोमीटर सहज होतात. सकाळी सहाला गोठ्यात मशीन बंद पडलं की गाईला थांब म्हणून सांगता येत नाही, त्यामुळे फोन उचलावाच लागतो. पूर्वी मी फोन हेल्मेटच्या आत गालाशी खुपसून बोलायचो. नागठाण्याच्या पुढे एकदा तो तसाच निसटला आणि मागच्या ट्रकखाली गेला. फोन पकडायला माझा हात हँडलवरून सुटला होता, हे घरी आल्यावर लक्षात आलं आणि अंगावर काटा आला.

सुरुवात भाच्याने दिलेल्या स्पीकरपासून झाली. तो गुलमर्गला स्कीइंग शिकायला गेला होता, तेव्हा त्याने स्कीच्या हेल्मेटसाठीचे वायरलेस स्पीकर घेतले होते. चपट्या गोल दोन चकत्या, मध्ये वायर. स्कीच्या हेल्मेटला कानावर मऊ कापडी झडप असते, तिच्या आतल्या खिशात चकती सरकवायची. बटण चकतीवरच, आणि चांगलं मोठं, म्हणजे जाड हातमोजा असला तरी झडपेवरून दाबता येतं. बर्फासाठी ही रचना अगदी विचारपूर्वक केलेली आहे. माझ्या फुलफेस हेल्मेटला मात्र कानावर कडक कवच. बटण आत, बोट बाहेर. माईकही चकतीतच, म्हणजे कानापाशी, तोंडापासून लांब. वर चकती जाड असल्यामुळे कोरेगावपर्यंत जाईतो कान लाल व्हायचा. चार दिवसांत काढून ठेवले.

मग मोटरसायकलसाठीच बनवलेला संच साडेतीन हजारांना ऑनलाइन मागवला. डाव्या बाजूला बाहेरून बसणारं बटणांचं युनिट, आत ४० मिलिमीटरचे दोन पातळ स्पीकर आणि हनुवटीच्या पट्टीला आतून चिकटवायचा छोटा गोल माईक. उघड्या तोंडाच्या हेल्मेटसाठी दांडीचा माईक वेगळा येतो. घेताना आपलं हेल्मेट कोणतं ते बघूनच घ्या.

बसवताना एक गोष्ट कृपा करून करू नका. जागा कमी पडते म्हणून आतला थर्माकोल कोरू नका. साताऱ्यातल्या एका दुकानात माझ्यासमोर एका पोराच्या हेल्मेटचा थर्माकोल कटरने खरवडून दिला, मला राहवलं नाही, मी बोललो. पडल्यावर धक्का तोच थर्माकोल दबून झेलतो. आयएसआयचा शिक्का त्या पूर्ण जाडीच्या हेल्मेटला मिळालेला असतो, कोरलेल्याला नाही. बऱ्याच हेल्मेटना कानाशी मुळातच खळगा असतो, तेवढ्यातच स्पीकर बसला पाहिजे. नसेल तर हेल्मेट बदला.

आता मुख्य मुद्दा. पहिला महिनाभर मी हे यंत्र वाया गेलं असंच समजत होतो. पोवई नाक्यावर गर्दीत सगळं छान ऐकू यायचं, पण हायवेला लागून सत्तरच्या वर गेलो की पलीकडचा माणूस विहिरीतून बोलतोय असं वाटायचं. मी आवाज पूर्ण वाढवायचो. संध्याकाळी घरी आल्यावर कानात बारीक शिट्टी वाजत राहायची.

दोष आवाजाचा नव्हता, जागेचा होता. स्पीकर कानाच्या भोकासमोर हवा आणि माझा होता अंगठाभर मागे, खाली. हे शोधायला बायकोने सुचवलेला उपाय सांगतो, कारण तो मला कुठल्याही माहितीपत्रकात मिळाला नाही. स्पीकर काढून कानाच्या जागी अस्तरावर मेडिकलमधली पांढरी कागदी चिकटपट्टी लावली. कानाच्या भोकापुढे जो छोटा उंचवटा असतो त्यावर ओलं कुंकू टेकवलं आणि हेल्मेट घालून काढलं. पट्टीवर कुंकवाची उभी रेघ उमटली. हेल्मेट वरून खाली येतं, त्यामुळे कान आत घासत वर सरकतो. म्हणजे रेघेचं वरचं टोक ही कानाची खरी जागा. स्पीकरचा मध्य तिथे आणला, मागे फोमचा पातळ तुकडा घालून तो कानाला जेमतेम टेकेल असा पुढे घेतला. कान दाबला जाता कामा नये. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, निम्म्या आवाजात प्रत्येक शब्द कळत होता. दोन्ही कान सारखे नसतात, म्हणून रेघ दोन्हीकडे स्वतंत्र काढा.

उरलेलं काम फोमच्या कानबोळ्यांनी केलं. ऐकायला उलटं वाटेल, पण कान बंद केल्यावर स्पीकर जास्त स्पष्ट ऐकू येतो. शंभरच्या वेगाला फुलफेस हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज ९५ ते १०० डेसिबलच्या घरात असतो, हेल्मेट कितीही महागाचं असो. कानाच्या आरोग्याचा सर्वमान्य हिशोब असा, की ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. त्यावर आपण स्पीकर चढवायचा म्हणजे कानाची वाटच लावायची. बोळे वाऱ्याची घरघर गिळतात आणि मग स्पीकर हळूच बोलला तरी पुरतं. ट्रकचा हॉर्न मला तरीही येतो. गावात आणि बाजारात मात्र मी बोळे काढतो, तिथे मागून येणाऱ्या सायकलची घंटीही ऐकू यायला हवी.

पाऊस आणि धूळ दोन्हींची परीक्षा आपल्या जिल्ह्यातच होते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तर दहिवडीच्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. खोक्यावर आयपी६७ लिहिलं होतं. यातला ६ धुळीसाठी, ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकणं. दहिवडीच्या फुफाट्यात काही झालं नाही. जुलैत मेढ्याच्या बाजूला मात्र युनिट बंद पडलं. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण सैल झालं होतं, आणि झाकण नीट बसलेलं नसेल तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही. विकणाऱ्याने "पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही" म्हणून हात झटकले. पाण्यात चालतं म्हणून विकायचं आणि पाण्याने बिघडल्यावर असं बोलायचं, याचा मला खरोखर राग आला. तीन दिवस तांदळाच्या डब्याशेजारी, चुलीच्या उबेला ठेवल्यावर ते चालू झालं. तेव्हापासून पावसाळ्यात भोकावर इलेक्ट्रिकची काळी टेप असते, रोज संध्याकाळी काढतो, चार्ज करतो, परत लावतो.

बॅटरी बारा तासांची सांगतात, मला आठ-नऊ मिळतात आणि तेवढ्यात दिवस निघतो. चिकटपट्टीने लावलेलं युनिट एप्रिलच्या उन्हात सुटलं, म्हणून क्लिपच वापरा. अस्तर धुताना स्पीकर काढावे लागतात, तिथली वेल्क्रो आता झिजत आलीय.

फोन आपोआप उचलण्याची सोय मी चालू ठेवलीय, पण बोलण्याचा नियम कडक आहे. परवा वर्धनगडच्या चढाला फोन आला, "दादा, मशीन वढंनाच झालंय, म्हस लाथा झाडतीय." मी एवढंच म्हणालो, "मावशी, मशीन बंद करा, कप काढा, वर जाऊन थांबतो आणि फोन करतो." वळणावर असताना व्हॅक्यूम दाखवणाऱ्या गेजचा काटा कुठे आहे, कपांतला व्हॅक्यूम चालू-बंद करणारा पल्सेटर टकटक वाजतोय का, हे विचारत बसलो तर डोळे रस्त्यावर असूनही मन त्या गोठ्यात जातं. हात मोकळे झाले म्हणजे डोकं मोकळं झालं असं नाही. घाट संपल्यावर झाडाखाली गाडी लावली आणि सगळं विचारलं. व्हॅक्यूमची नळी उंदराने कुरतडली होती. नळी कापून, पुढचं टोक जोडून त्यांनी स्वतःच मशीन चालू केलं. माझा हेलपाटा वाचला, म्हशीचं दूधही वेळेत निघालं.

गाणी मी घाटात लावत नाही, कोरेगावच्या सरळ रस्त्यालाही क्वचितच. गाण्यासाठीच घेणार असाल तर एवढ्या लहान स्पीकरकडून ढोलकीच्या घुमाऱ्याची अपेक्षा ठेवू नका. माणसाचा आवाज आणि रस्ता सांगणारी बाई, एवढ्यासाठी साडेतीन हजार मला परवडले. हे बिघडलं तर दुसरं घेईन, पण चार्जिंगचं झाकण आधी हातात धरून, ओढून बघूनच.