एफआर, एफआर-एलएसएच, झिरो हॅलोजन की फायर सर्व्हायव्हल: सोसायटीच्या रीवायरिंगला कुठली केबल कुठे घ्यायची

मुंबईतल्या जुन्या बिल्डिंगांमधे रीवायरिंगचा विषय निघाला की तीन कोटेशन्स येतात, एकात लिहिलेलं असतं एफआर, दुसऱ्यात एफआर-एलएसएच, तिसरा म्हणतो झिरो हॅलोजन घ्या साहेब मग काळजीच नको, आणि मग कमिटी मीटिंगचा अर्धा वेळ "हा इतका जास्त का लावतोय" यातच जातो. एखादा कॉन्ट्रॅक्टर वर अजून "सगळं फायरप्रूफच आहे" असंही टाकून देतो. फायरप्रूफ असं यातलं काहीच नसतं, हे आधी डोक्यातून काढा. मी याच लाइनमधे आहे आणि माझं मत सरळ सांगतो, अख्ख्या बिल्डिंगला एकच केबल ठरवायला बसलात तर एकतर घरात पैसे उगाच घालाल नाहीतर जिन्यात नको तिथे वाचवाल. केबल जागा बघून ठरते. ती पेटली तर तिचा धूर कोणाच्या वाटेत येणार, आणि आग लागल्यावर ती चालू राहायला हवी की बंद पडली तरी चालेल, एवढे दोनच प्रश्न विचारायचे.

एफआर म्हणजे फ्लेम रिटार्डंट. आयएस 694 (आयएस म्हणजे भारतीय स्टँडर्ड) मधे बसणारी पीव्हीसी वायर, त्यात अशी पावडरं मिसळलेली की ज्वाला लांब नेली की ती आपोआप विझते. तिचा ऑक्सिजन इंडेक्स किमान 29 लागतो, म्हणजे आजूबाजूच्या हवेत 29 टक्के ऑक्सिजन असेल तरच ती जळत राहील, आणि आपल्या हवेत तो असतो साधारण 21 टक्के, त्यामुळे ती स्वतःहून पेटत पुढे जात नाही. पण हे झालं थंड वायरचं, तापमान वाढलं की हा इंडेक्स खाली येतो, म्हणून दुसरी अट अशी की 250 डिग्रीपर्यंत तरी तो 21 च्या खाली जाता कामा नये. भडकलेल्या खोलीत 250 डिग्री व्हायला काही वेळ लागत नाही, आणि तिथून पुढे एफआर वायरही जळते, काळाकुट्ट धूर सोडते आणि पीव्हीसीमधल्या क्लोरीनचा हायड्रोजन क्लोराइड वायू करते जो घशात गेला की माणूस डोळे उघडून जिना शोधू शकत नाही. एफआरच्या टेस्टमधे धुराबद्दल एक अक्षर नाही.

एफआर-एलएसएच हीसुद्धा पीव्हीसीच, त्याच आयएस 694 मधली, फक्त लो स्मोक, लो हॅलोजन, म्हणजे धूर कमी आणि हॅलोजन (क्लोरीनच्या जातीची मूलद्रव्यं) कमी अशी सुधारलेली. यात आम्लवायूचं, म्हणजे त्याच हायड्रोजन क्लोराइडसारख्या वायूचं, प्रमाण वजनाच्या 20 टक्क्यांच्या वर चालत नाही आणि स्मोक डेन्सिटी 60 टक्क्यांच्या वर चालत नाही. नावात लो आहे, झिरो नाही, हे लोक विसरतात. 20 टक्के आम्लवायू म्हणजे जळणाऱ्या प्रत्येक किलो मटेरियलमागे 200 ग्रॅमपर्यंत, आणि डक्टमधे, म्हणजे केबली वर नेणाऱ्या उभ्या पोकळीत, असं मटेरियल किलोने नाही, कित्येक किलोने असतं.

तिसरी झिरो हॅलोजन, म्हणजे एचएफएफआर (हॅलोजन फ्री फ्लेम रिटार्डंट), बाजारात हिलाच कोणी झेडएचएफआर म्हणतं कोणी एलएसझेडएच. हिचं वेगळं स्टँडर्ड आहे, आयएस 17048, साल 2018. यात पीव्हीसी नाहीच, पॉलीओलेफिन प्लॅस्टिकमधे ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड ठासून भरलेलं असतं, ते तापलं की त्यातून पाण्याची वाफ सुटते आणि आगीचा जोर ओसरतो. आम्लवायूची मर्यादा अर्धा टक्का. 20 आणि अर्धा, इथेच खरा फरक आहे, बाकी ब्रोशरमधली हिरवी पानं बघू नका.

आता एक गंमत सांगतो जी सेल्सवाले हटकून वापरतात. एफआर-एलएसएचच्या कागदावर स्मोक 60 टक्के लिहिलेलं, झिरो हॅलोजनच्या कागदावरही बरेचदा 60 टक्के लिहिलेलं, मग "दोन्ही सेमच आहेत की साहेब". सेम नाहीत. पहिल्यात धुराने अडवलेल्या प्रकाशाचं प्रमाण जास्तीत जास्त 60 आणि तेसुद्धा छोट्या पेटीत मटेरियलचा तुकडा जाळून. दुसऱ्यात, आयईसी 61034 या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डप्रमाणे, 3 मीटर बाय 3 मीटर बाय 3 मीटरच्या बंद खोलीत आख्खी केबल जाळून आरपार पोचलेला प्रकाश कमीत कमी 60. एकात अडलेला मोजला, दुसऱ्यात पोचलेला, टेस्टही वेगळ्या, त्यामुळे हे दोन आकडे शेजारी ठेवायचेच नसतात.

लोहार चाळीत, मुंबईच्या इलेक्ट्रिक मालाच्या बाजारात, काउंटरवर लायटर लावून दाखवतात ना, वायरचं टोक धरलं, पेटवलं, लायटर बाजूला केला, विझलं, "बघा साहेब". त्यातून एवढंच कळतं की माल निदान एफआर आहे. तिन्ही वायर तशाच विझतील. त्या दोन इंचाच्या तुकड्यातून निघालेला धूर पंख्याखाली उडून जातो, जिन्यात भरलेला धूर कुठे उडणार.

आणि माणसं धुरानंच जातात. 1997 ला दिल्लीच्या उपहार थिएटरमधे खालच्या पार्किंगजवळच्या ट्रान्सफॉर्मरपासून आग लागली, 59 लोक गेले, आणि त्यातले बहुतेक वर बाल्कनीत गुदमरून गेले, ज्वाला त्यांच्यापर्यंत पोचल्याही नव्हत्या. म्हणून जिना, लॉबी आणि उभा इलेक्ट्रिक डक्ट इथे मी झिरो हॅलोजनवर अडून बसतो, तिथे एफआर-एलएसएच देतो म्हणणाऱ्याशी वाद घालतो.

घराच्या आत मात्र मी तेवढा हट्ट धरत नाही. टू बीएचकेमधे भिंतीच्या आत कन्सिल्ड पाइपात वायर आहे, वर प्लॅस्टर आहे, ती जळून होणारा धूर तुमच्या सोफ्याच्या आणि गादीच्या फोमच्या धुरापुढे काहीच नाही. तिथे चांगल्या कंपनीची आयएसआय मार्कची एफआर-एलएसएच पुरते, एफआरपेक्षा थोडीशीच महाग पडते आणि पीओपी फोडून परत करायचा खर्च बघता तो फरक मजुरीत कुठल्या कुठे विरून जातो, त्यामुळे नुसती एफआर घ्यायला मला तरी कारण दिसत नाही. उरलेले पैसे जाडीत घाला, एसीच्या आणि गीझरच्या लाइनला 4 स्क्वेअर एमएमची वायर ओढा, 30 मिलीॲम्पची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवा. लूज जॉइंटवर एमसीबी (करंट वाढला की पडणारा स्विच) ट्रिप होत नाही, तिथे करंट वाढतच नाही ना, फक्त जॉइंट तापत राहतो आणि स्विचबोर्डमागून जळका वास येतो, आणि तो वास कुठल्याही स्टँडर्डची वायर थांबवत नाही. सत्तरच्या दशकातल्या बिल्डिंगमधे ॲल्युमिनियम वायरिंग असेल किंवा गिरगाव परळकडच्या चाळीत लाकडी पट्टीवर रबराचं वायरिंग अजून जिवंत असेल तर तुलना वगैरे राहू द्या, आधी ते काढा. ॲल्युमिनियमला तांब्याचा तुकडा पिळून जोडलेला दिसला तर आजच काढा.

घरात झिरो हॅलोजन घातलं म्हणून वाईट होणार नाही, पण दोन गोष्टी माहीत असू द्या. पावडर ठासून भरलेली असल्यामुळे ती पीव्हीसीइतकी लवचीक नसते, जुन्या अरुंद पाइपातून जोरात ओढली तर वरचं इन्सुलेशन सोलतं, आणि वायरमन ते तुम्हाला सांगायला येत नाही. दुसरं, ओलीच्या बाबतीत पीव्हीसी उजवी. टॉप फ्लोअरला स्लॅबमधून पाणी पाइपात उतरतं अशी घरं आपल्याकडे कमी नाहीत, तिथे आधी गळती बंद करा.

आता डक्ट. इथे केबलचं नाव वाचून भागत नाही कारण एकटी केबल आणि गठ्ठ्यातली केबल वेगळी वागते. एक लाकूड चुलीत विझतं आणि चार एकत्र ठेवली की पेटतात तसंच. एकट्या केबलची टेस्ट आयईसी 60332 चा पहिला भाग, एक केबल उभी टांगून बर्नर लावतात. तिसऱ्या भागात शिडीवर केबलींचा गठ्ठा बांधून खालून आग देतात, कॅटेगरी ए मधे दर मीटरला 7 लिटर प्लॅस्टिक भरेल इतक्या केबल आणि 40 मिनिटं आग, सी मधे दीड लिटर आणि 20 मिनिटं, आणि जळालेला भाग बर्नरच्या वर अडीच मीटरच्या पुढे गेला तर नापास. चौदा मजल्याच्या डक्टमधून वर जाणाऱ्या मुख्य केबलचं, म्हणजे रायझरचं, टेस्ट सर्टिफिकेट पहिल्या भागाचं दाखवत असतील तर परत पाठवा.

आणि खरं सांगू का, डक्टमधे सगळ्यात आधी पैसे सीलिंगवर, म्हणजे मजल्यामजल्याची भोकं बंद करण्यावर, घाला. नॅशनल बिल्डिंग कोड 2016 मधे स्पष्ट आहे की इलेक्ट्रिक शाफ्ट प्रत्येक मजल्याला फायर स्टॉप मटेरियलने बंद करायचा, आणि त्या मटेरियलला मजल्याच्या स्लॅबइतकीच आग सोसता आली पाहिजे. शिवाय गॅसची पाइप, पाण्याची लाइन, टेलिफोन, इंटरकॉम त्याच डक्टमधून न्यायचं नाही. आणि आपल्याकडे काय असतं, तळमजल्याचं दार उघडून मान वर केली की थेट गच्चीचा उजेड दिसतो, मधे एकही स्लॅब नाही, म्हणजे सरळ धुराडंच, खाली झाडू, पोतं, गणपतीच्या मखराचं थर्माकोल. अशा डक्टमधे जगातली सगळ्यात भारी झिरो हॅलोजन केबल घातली तरी काय उपयोग. महागड्या केबलचं आणि सीलिंगचं अशी दोन्ही कामं बजेटमधे बसत नसतील तर मी एफआर-एलएसएच ठेवून सीलिंग करीन.

जिन्यात अजून एक गोष्ट लटकत असते तिच्याकडे कोणी बघतच नाही, ती म्हणजे इंटरनेटवाल्यांच्या आणि केबल टीव्हीवाल्यांच्या काळ्या वायरींचे झुबके. त्यातल्या बऱ्याच पॉलिथिनच्या असतात. पॉलिथिनमधे हॅलोजन नाही, बरोबर, पण ते मेणासारखं वितळत ठिबकत मस्त जळतं. म्हणजे हॅलोजन नाही एवढ्यावर खूश व्हायचं नाही, फ्लेम रिटार्डंट हवंच, आणि बंद पडलेल्या वायरी तर कापून टाका, त्या कोणाच्याच नसतात.

शिवाय केसिंग पट्टी, म्हणजे भिंतीवर वायरी झाकायची प्लॅस्टिकची पट्टी. इंग्लंडमधे साउथॅम्प्टनच्या एका टॉवरमधे 2010 ला आगीत अशीच प्लॅस्टिकची ट्रंकिंग वितळून केबली खाली लोंबल्या, त्यात अडकून दोन फायरमन गेले, आणि पुढे त्यांच्या वायरिंगच्या नियमात आलं की बाहेर पडायच्या वाटेवरच्या केबली आगीत लवकर खाली पडणार नाहीत अशा धरलेल्या हव्यात, 2018 च्या आवृत्तीत ते बिल्डिंगभर लागू झालं. आपल्या जिन्याजिन्यात पीव्हीसी पट्टीच आहे. काढता येत नसेल तर थोड्या थोड्या अंतरावर लोखंडी सॅडल तरी मारून घ्या, फार खर्चाचं काम नाही.

राहिली फायर सर्व्हायव्हल, आणि ही वरच्या तिघींच्या रांगेतलीच नव्हे. त्या तिघी आग पसरू नये, फार तर धूर कमी व्हावा एवढंच बघतात, हिला आगीतही करंट पोचवायचाय. तांब्यावर अभ्रकाची टेप गुंडाळलेली असते, प्लॅस्टिक जळून गेलं तरी अभ्रक धरून ठेवतो. ब्रिटिश बीएस 6387 प्रमाणे सी म्हणजे 950 डिग्रीला 3 तास, डब्ल्यू म्हणजे 650 ला आगीसोबत पाण्याचा मारा, झेड म्हणजे 950 ला 15 मिनिटं धक्के खात, आणि या तीन टेस्ट तीन वेगळ्या तुकड्यांवर होतात, एकाच तुकड्यावर नाही. आपलं आयएस 17505 सुद्धा 2021 पासून आहे. किंमत एफआरच्या कित्येक पट, म्हणून ती फक्त फायर पंप, फायर लिफ्ट, अलार्म, इमर्जन्सी लाइट आणि प्रेशरायझेशनच्या (जिन्यात धूर शिरू नये म्हणून हवा भरणाऱ्या) ब्लोअरला. कोडमधे या लाइनी मेन पॅनलपासून वेगळ्या पाइपातून न्यायला सांगितल्याच आहेत. आता 2006 च्या महाराष्ट्राच्या फायर कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैला फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू आहे याचा दाखला) सगळेच देतात, पंप चालू करून दाखवतात, पण त्या पंपाची केबल मीटर रूममधून कुठल्या जळणाऱ्या गठ्ठ्याच्या मधून गेलीय हे तुम्हीच एकदा चालत जाऊन बघा. आणि ही केबल घेतलीत तर क्लिपा आणि जंक्शन बॉक्सही त्याच दर्जाचे हवेत, नाहीतर केबल 3 तास टिकेल आणि प्लॅस्टिकची क्लिप पहिल्या पाच मिनिटांत सोडून देईल.

मीटरच्या अलीकडचं बेस्ट, अदानी, टाटा किंवा महावितरण, जो असेल तो बघेल, मीटरनंतरचं सगळं आपलं. त्यामुळे कोटेशन मागवताना "चांगल्या कंपनीची फायर केबल" असं मोघम लिहू नका, नाहीतर जो सगळ्यात स्वस्त लावेल तोच काम घेईल. जागा आणि स्टँडर्ड दोन्ही लिहा: फ्लॅटमधे आयएस 694 एफआर-एलएसएच, जिना आणि डक्टमधे आयएस 17048, रायझरला गठ्ठ्याच्या टेस्टचं सर्टिफिकेट, पंप आणि लिफ्टला आयएस 17505, आणि प्रत्येक मजल्याचं फायर स्टॉप सीलिंग वेगळ्या ओळीत वेगळ्या रेटसकट. माल साइटवर आला की पाइपात जायच्या आधी बंडल उलगडून वायरवरची छपाई वाचा, कंपनी, आयएस नंबर, प्रकार, साइज आणि आयएसआय मार्कखालचा सीएम/एल (लायसन्स) नंबर, तो बीआयएस केअर ॲपवर तिथेच उभं राहून टाका. प्रकार नुसता एफआर छापलेला निघाला आणि बिलावर एलएसएच असेल, असं होतं, तर बंडल तिथेच टेम्पोत परत.