चेनवाली पिशवी आणि स्वीडनची पद्धत

१९८२ च्या संपापर्यंत बाबा लालबागच्या एका गिरणीत रंगखात्यात होते. गिरणी सुटली, बिडी सुटली नाही. रंगातली काही रसायनं आणि तंबाखू, दोन्हींनी मूत्राशयाचा कॅन्सर होतो, हे आम्हाला लघवी लाल झाल्यावर कळलं. दुखत काहीच नव्हतं, म्हणून दोन महिने त्यांनी बीटावर ढकललं.

परळला दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली. रिपोर्ट 'हाय ग्रेड, टी१', म्हणजे आक्रमक जातीची गाठ, अस्तराखाली उतरलेली, पण स्नायूत अजून न गेलेली. दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा दुर्बीण घालून खरवडायचं, मग बीसीजी हे औषध मूत्राशयात सोडायचं, असं ठरलं. बाबा दुसऱ्यांदा टेबलावर झोपायला तयार होईनात. एका ओळखीच्यानं हे बरोबर हेरलं आणि अंधेरीतल्या 'प्रेशर थेरपी'वाल्याचा नंबर दिला. त्याचं कमिशन होतं, हे मागाहून समजलं.

पांढरा कोट, गोड जीभ. "ताई, बाबांना परत कशाला त्रास? स्वीडनमध्ये १९७२ सालीच प्रेशरनं गाठी जिरवल्यात. रक्तसुद्धा थांबतं." मी तिथेच मोबाईलवर शोधलं आणि सापडलं की! हेल्मस्टाइन नावाच्या डॉक्टरांची पद्धत. नाव खरं, साल खरं, मग पुढचंही खरंच असणार असं धरून मी ९०,००० रुपये जीपे केले. वीस सेशन, सगळे पैसे आगाऊ.

यंत्र म्हणजे चेन लावलेली प्लॅस्टिकची फुगणारी पिशवी. आत बाबा, बाहेर घरघरणारा कॉम्प्रेसर, बारक्या काट्यावर १.३, म्हणजे बाहेरच्या हवेच्या १.३ पट दाब. बाहेर आले की कान धरून म्हणायचे, "दडे बसले गं."

अकराव्या सेशनच्या रात्री लघवी तुंबली. वॉर्डात तीन तोंडांचा कॅथेटर घातला, वर सलाइन लटकवलं. निवासी डॉक्टर मोठ्या सिरिंजनं जांभळाएवढ्या गुठळ्या ओढून काढत होती. नळीतलं पाणी लालाचं गुलाबी व्हायला पहाट झाली.

तिला मी हेल्मस्टाइनबद्दल विचारलं. ती म्हणाली, त्यात फुगा मूत्राशयाच्या आत घालून फुगवायचे, पाठीत भूल देऊन, पाच-सहा तास. गाठीचा रक्तपुरवठा दाबला जावा म्हणून. मूत्राशय फाटायचीही भीती. आता ते मागेच पडलंय. दाबाखाली ऑक्सिजन देतात तेही खरं, पण रेडिएशननंतरच्या रक्तस्रावाला, दणकट चेंबरमध्ये, दोन किंवा त्याहून जास्त वातावरणांच्या दाबाला, शुद्ध ऑक्सिजन. बाबांना रेडिएशन दिलंच नव्हतं, आणि पिशवीत तर नुसती हवा होती.

दोन खऱ्या गोष्टींची नावं घेऊन आम्हाला तिसरीच विकली होती.

पैसे मागितले, तर "पेशंटनं कोर्स अर्धवट सोडला." पावती काढून बघितली: 'रिलॅक्सेशन सेशन'. कॅन्सरच्या इलाजाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, म्हणून तो शब्द कुठे छापलेलाच नाही, फक्त तोंडी. व्हॉट्सअ‍ॅपवरचं पत्रकही त्यानं सगळ्यांसाठी डिलीट केलं. स्क्रीनशॉट काढून ठेवायची अक्कल मला सुचली नाही, तुम्ही ठेवा.

दुसरी दुर्बीण दहाव्या आठवड्यात झाली. आजार स्नायूत गेलाय, आता मूत्राशयच काढायचं म्हणतात. वेळेवर आलो असतो तर? डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही." बाबा हल्ली मला काही विचारत नाहीत. तो ओळखीचा मात्र परवा आमच्याच चाळीत दिसला, खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या दारात.