कॉलेजच्या पोरांचं सेशन, आमच्या मंडळात – साडेतीन स्टार

एक स्टार पीपीटीचा कापला, अर्धा उशिराचा. रविवारी पुण्यात दत्तवाडीत आमच्या मंडळाच्या हॉलमधे एनएसएसची (कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजना) पोरं हिंसाचार आणि कट्टरपणावर सेशन घ्यायला आली होती, फुकट. खरं सांगू का, मला वाटलेलं त्यांना दोन वर्षांत सेवेचे 240 तास भरायचे असतात त्यातले दोन आमच्या डोक्यावर मारून, फोटो काढून जातील. पाचची वेळ, सुरू पावणेसहाला, वर पीपीटी निम्मी इंग्रजीत, अमेरिकेत 2015 पासून कॉलेजच्या मुलांकडून कट्टरपणाविरुद्धचे प्रोजेक्ट कसे करून घेतले वगैरे, मागची पोरं तोवर मोबाईलमधे गेलेली.

पण नंतर एका मुलीनं सगळ्यांना पत्ते वाटले, प्रत्येकावर एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज छापलेला, पुढं पाठवायचा की नाही दहा सेकंदात ठरवायचं. 'मुलं पळवणारी टोळी आलीये' हा बहुतेकांनी पाठवला, मी पण, म्हटलं खोटा असला तरी सावध राहिलेलं बरं ना. मग ती म्हणाली 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला अशाच अफवेवरून जमावानं भिक्षा मागून जगणारी पाच माणसं ठेचून मारली, त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात फॉरवर्ड एकावेळी 5 चॅटवर आणायचं जाहीर केलं. आणि जून 2014 ला हडपसरमधे फेसबुकवरच्या पोस्टवरून आयटीतला एक मुलगा मारला गेला, ज्याचा त्या पोस्टशी काडीचा संबंध नव्हता. हडपसर म्हटल्यावर हॉल गप्प, ते काय लांबये का इथून.

कोयता नाचवत काढलेल्या रीलचा विषय निघाला तर आमच्यातला एक नववीतला म्हणतो, दादा व्ह्यूज येतात पण. सेशन घेणाऱ्या त्या दादानं लेक्चर नाही मारलं, एवढंच विचारलं, पोलिसांनी उचलला तर चौकीत कोण येऊन बसणार, फॉलोअर का आई? पोरगं हसलं, पण नंतर बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं सतरंजी उकरत बसलं होतं. हेच हवालदारांनी विचारलं असतं तर बाहेर जाऊन नक्कल केली असती त्यानं.

बोलवणार असाल तर मराठीतच करा हे आधीच सांगून ठेवा, आणि एका सेशनवर सोडू नका त्यांना. आम्ही म्हटलं पुढच्या रविवारी परत या, तर म्हणे परीक्षा आहेत. पत्त्यांचा सेट मात्र मागून ठेवून घेतलाय, गणपतीच्या मीटिंगला मोठ्यांनाच वाटणारे, ग्रुपवर सगळ्यात जास्त फॉरवर्ड त्यांचेच असतात.