ट्यूमरला उपाशी ठेवायचं, पण ताटातून की औषधातून?

जठराच्या कॅन्सरच्या पेशी अमिनो ॲसिडं (प्रोटीन ज्यांपासून बनतं ते घटक) अधाशासारखी ओढून घेतात हे खरंय, ग्लुटामीन काय, सिस्टीन काय. हे वाचलं की लगेच डोक्यात येतं, मग घरच्या पेशंटचं प्रोटीनच बंद करूया की! थांबा जरा.

ताटातला रस्ता आपल्या हातातला वाटतो, पण ग्लुटामीन शरीर स्वतःच बनवतं आणि त्याचा मोठा साठा स्नायूंमधे असतो, म्हणजे तुम्ही खायला दिलं नाहीत तर स्नायू झिजवून ते रक्तात येतच राहणार, ट्यूमर जेवतोय आणि माणूस वाळतोय असा प्रकार. मेथिओनीन हे दुसरं अमिनो ॲसिड मात्र खाण्यातूनच यावं लागतं, ते आहारातून कमी करून उंदरांवर प्रयोग झालेत, पण ज्याचं वजन आधीच उतरतंय त्याच्यावर मी तरी हे करणार नाही. एस्पेन ही युरोपातली न्यूट्रिशनवाली संस्था तर उलटंच सांगते, किलोमागे रोज 1 ग्रॅमच्या वर प्रोटीन, जमलं तर 1.5. म्हणजे 60 किलोला 60 ते 90 ग्रॅम (किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा).

औषधाचा रस्ता जास्त नेमका, कारण तो एकच दार बंद करतो. ल्युकेमियात (रक्ताच्या कॅन्सरमधे) ॲस्पॅराजीन हे अमिनो ॲसिड तोडणारं ॲस्पॅराजिनेज कित्येक वर्षं चालतंय, कारण त्या पेशींना ॲस्पॅराजीन स्वतःला धड बनवता येत नाही. जठरात एवढं सरळ नाही. इथे पेशीच्या आवरणावर एक्ससीटी नावाचं दार आहे, ते ग्लुटामेट (आणखी एक अमिनो ॲसिड) बाहेर टाकून सिस्टीन आत घेतं, त्यातून ग्लुटाथायोन हे पेशीला वाचवणारं द्रव्य बनतं आणि पेशी केमोचा मारा झेलते. हे दार अडवायला सांधेदुखीत देतात ते जुनं सल्फासलाझीन जपानमधे जठराच्या कॅन्सरच्या पेशंटना देऊन पाहिलं, काहींच्या बायोप्सीत चिवट पेशी कमी झालेल्या दिसल्या, पण दिवसाला 12 ग्रॅमवर काहींची भूकच उडाली. जठराच्या कॅन्सरवाल्याची भूक! पेशीतला ग्लुटामीनचा वापर अडवणाऱ्या टेलाग्लेनास्टॅट या औषधाचं तर किडनीच्या कॅन्सरमधे मोठ्या ट्रायलमधे काही जमलं नाही.

त्यामुळे आज निवडायचंच असेल तर ऑपरेशन-केमो, ट्यूमरच्या तुकड्यावरच्या हर2 आणि एमएसआय या टेस्ट बघून मिळणारी औषधं, आणि भरपूर प्रोटीन. अमिनो ॲसिडवालं औषध फक्त ट्रायलमधे ऑफर झालं तर, आणि तेव्हाही भूक-वजनाचं काय होतं ते आधी विचारा. जठर पूर्ण काढलंय? मग बी12 चं इंजेक्शन चुकवू नका, ते कमी पडलं की शरीरातल्या होमोसिस्टीन या द्रव्याचं परत मेथिओनीन करणं अडतं.