दोन मशीन घेतलीत, आता पेसमेकर की कीपअलाइव्ह-डी?

देवगडात आंब्याच्या पेट्यांचं बुकिंग ज्या सर्व्हरवर चालतं तो मे महिन्यात तासभर बंद पडला, तर वाशीची गाडी चलनाविना दारात उभी राहते. तेव्हा मशीन दोन हवीत, यात वाद नाही. एक गेल्यावर दुसऱ्याने कारभार कसा उचलायचा, एवढंच ठरवायचं. हे काम करणारी दोन्ही सॉफ्टवेअरं मी चालवून पाहिलीत, आधी पेसमेकर (सोबत मशीनमधला संपर्क सांभाळणारं कोरोसिंक) आणि मग कीपअलाइव्ह-डी.

पेसमेकर जबाबदारीने काम करतो. डिस्क, डेटाबेस, आयपी (सगळे ज्या पत्त्यावर जोडतात तो) कुठल्या क्रमाने उठवायचे हे तो चोख सांभाळतो. समोरचं मशीन खरंच बंद पडलंय की नुसती केबल सुटलीय, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून तो आधी त्याची वीज तोडतो आणि मगच ताबा घेतो. याला फेन्सिंग म्हणतात. पैशांच्या नोंदी असतील तर ही सावधगिरी मोलाची.

माझं मन बदललं ते वळवाच्या एका रात्रीमुळे. लाईट गेली, यूपीएस संपले, दोन्ही मशीन बंद. पहाटे लाईट आली तर एकाचा पॉवर सप्लाय मेलेला. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत हे व्हायचंच. दुसरं मशीन ठणठणीत उठलं, पण बुकिंग काही सुरू होईना. कोरोसिंकमध्ये ‘टू_नोड’ (दोनच मशीन असल्याची सेटिंग) लावलं की ‘वेट_फॉर_ऑल’ आपोआप लागू होतं, म्हणजे बंद अवस्थेतून उठताना जोडीदार एकदा तरी दिसल्याशिवाय कोरम, म्हणजे कारभार चालवायला लागणारं बहुमत, मिळत नाही. ‘वेट_फॉर_ऑल’ काढून टाकलं, तरी पुढे फेन्सिंग अडलं. आमचं फेन्सिंग त्या मेलेल्या मशीनच्याच आयपीएमआयवर (मशीन दुरून बंद-चालू करायची आतली सोय) होतं, आणि त्याला वीजच नव्हती. ज्या दिवसासाठी दुसरं मशीन घेतलं, त्याच दिवशी ते मेलेल्या जोडीदारासाठी थांबून राहिलं. याचा मला आजही त्रास होतो.

तिसरं मत देणारं छोटं मशीन आणि वीज तोडायला वेगळा पीडीयू (दुरून बंद-चालू करता येणारा वीजबोर्ड) ठेवला तर यातून सुटका आहे. तुमच्याकडे तेवढी जागा आणि बघणारा माणूस असेल, तर पेसमेकर नको असं मी म्हणणार नाही.

कीपअलाइव्ह-डी व्हीआरआरपीवर चालतो, म्हणजे एकच आयपी दोन मशीनमध्ये आळीपाळीने सांभाळायच्या पद्धतीवर. मुख्य मशीन दर सेकंदाला हजेरी देतं. तीन हजेऱ्या चुकल्या की दुसरं आयपी उचलतं. एकटं उठलं तरी चार सेकंदांच्या आत कामाला लागतं. ही हजेरी २२४.०.०.१८ वर मल्टिकास्टने, म्हणजे एकदम सगळ्यांना जाते; साधा स्विच ती गाळत असेल, तर थेट जोडीदारालाच पाठवायला ‘युनिकास्ट_पीअर’ लिहा. पावसाळ्यात लाईट येते-जाते. परतलेलं मुख्य मशीन दरवेळी आयपी ओढून घेतं आणि सगळ्यांची जोडणी तुटते, म्हणून ते रोखणारं ‘नोप्रिएम्प्ट’ही हवं. त्यासाठी दोन्ही मशीनच्या सेटिंगमध्ये ‘स्टेट बॅकअप’ लागतं. एकीकडे ‘मास्टर’ राहिलं तर तिथे ती ओळ निकामी, माझे यात दोन दिवस गेले.

मधला स्विच गेला तर दोन्ही मशीन आयपीवर हक्क सांगतात, हा त्याचा खरा धोका. म्हणून मी डेटाबेस त्याच्या हाती दिलेला नाही. पोस्टग्रेसची (आमच्या डेटाबेसची) प्रत दुसऱ्या मशीनवर सतत जात असते. पहिलं पडलं की जुनी बुकिंगं लगेच दिसतात, नवी नोंद मात्र मी प्रत मुख्य करेपर्यंत थांबते. त्याआधी ऑफिसातल्या माणसाला फोन करून पडलेल्या मशीनची पिन काढायला लावतो. तो ‘काढली’ म्हणाला की मग मी कमांड देतो.