ओटीपी न सांगताही पैसे गेले: इअरबड्सच्या 'कस्टमर केअर'नं केलेली फसवणूक

अक्कानं ओटीपी कुणालाही सांगितला नव्हता. हे सुरुवातीलाच लिहितो, कारण ही हकीकत ज्याला सांगितली त्यानं पहिला प्रश्न तोच विचारला आणि उत्तर ऐकूनही बऱ्याच जणांचा विश्वास बसला नाही. बँकेतल्या साहेबांचाही बसला नाही. "ओटीपी दिल्याशिवाय पैसे जातच नाहीत ताई," असं ते ठामपणे म्हणाले. जातात. कसे जातात ते सांगण्यासाठीच हे लिहितोय.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. सेलूला असते, घरी शिलाईकाम करते आणि गल्लीतल्या महिला बचत गटाचा हिशेबही तीच ठेवते. मशीनवर बसली की कानात इअरबड्स घालून कीर्तन लावायचं, ही तिची सवय. ते बड्स भाचीनं पुण्याहून पाठवलेले, त्यामुळे त्यांच्यात तिचा जीव. दिवाळीच्या आधी, ब्लाउजांचा ढीग पडलेला असताना, ते एकाएकी फोनला जोडलेच जाईनात. डबी उघडली की दिवा लागायचा, ब्लूटूथच्या यादीत नावही दिसायचं, पण दाबलं की कनेक्ट होऊ शकत नाही असं यायचं. आदल्या दिवशी तर चांगले चालू होते.

मग तिनं कुणीही करेल तेच केलं. कंपनीचं नाव आणि पुढं 'कस्टमर केअर नंबर' असं बोलून फोनवर शोधलं. सगळ्यात वर ऑनलाइन नकाशातली एक नोंद आली. कंपनीचं नाव, कंपनीचंच चिन्ह आणि खाली दहा आकडी मोबाईल नंबर. तिनं लावला, कुणी उचलला नाही. थोड्या वेळानं दुसऱ्याच नंबरवरून फोन आला, "मॅडम, आपने कंपनी को कॉल किया था." आपण लावलेल्या फोनला उत्तर म्हणून फोन आला, मग शंका कशाची घ्यायची?

त्या माणसानं सुरुवातीला विचारलेले प्रश्न अगदी बरोबर होते. मॉडेल कोणतं, दिवा पांढरा लागतो की लाल, एकच बड बंद आहे की दोन्ही, फोनचं ब्लूटूथ बंद करून चालू केलं का. दुरुस्ती करणारा माणूस हेच विचारतो. हिंदी जड जातंय म्हटल्यावर मोडकंतोडकं मराठीही बोलला. नंतर म्हणाला, तुमची वॉरंटी नोंदवलेली नाही, त्यामुळे बड्सचं सॉफ्टवेअर अपडेट झालं नाही आणि म्हणून ते जोडले जात नाहीत. पाच रुपये नोंदणी भरा, तेही परत मिळतील, बाकी आम्ही इथून करतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर त्यानं एक फाईल पाठवली. नाव कंपनीचं आणि पुढं सपोर्ट. फाईल उघडताना फोननं इशारा दिला होता की हे अ‍ॅप धोकादायक असू शकतं. तो म्हणाला, नवीन अ‍ॅपला तसं येतंच, 'तरीही इन्स्टॉल करा' दाबा. मग अ‍ॅपनं परवानग्या मागितल्या: मेसेज वाचायची, फोनकॉलची, नोटिफिकेशनची. तो एकेक सांगत गेला, अक्का 'अलाऊ' दाबत गेली. शेवटी फॉर्म उघडला. नाव, पत्ता, बड्सचं मॉडेल, आणि पाच रुपयांसाठी डेबिट कार्डाचा नंबर, मुदतीची तारीख, मागचे तीन आकडे.

यानंतर तो जे बोलला ते मला सगळ्यात दुष्ट वाटतं. "अपडेट चालू झालंय, आता वीस मिनिटं फोनला हात लावू नका, नाही तर बड्स कायमचे बंद पडतील." लेकीनं दिलेली वस्तू बिघडू नये म्हणून अक्कानं फोन उलटा करून कपाटावर ठेवला आणि काज-बटणं करत बसली. त्या वेळात तिच्या फोनवर बँकेचे ओटीपी येत होते. मेसेज वाचायची परवानगी मिळालेलं ते अ‍ॅप आलेला प्रत्येक मेसेज परस्पर त्यांच्याकडे पाठवत होतं. तिच्या कार्डाचे आकडे त्यांच्यासमोर होतेच. आधी १९,९९९ रुपये गेले, मग १८,५००.

आता बँकेतल्या त्या साहेबांना मी काय उत्तर दिलं तेही लिहितो. गेली कित्येक वर्षं आपल्याला एकच गोष्ट घोकायला लावली आहे, ओटीपी कुणाला सांगू नका. अक्कानं ती तंतोतंत पाळली. पण चोरांना आता ओटीपी विचारायची गरजच उरलेली नाही, ते फोनमध्ये आपला वाचणारा बसवतात. तेव्हा घरातल्या माणसांना सांगताना एवढं पुरेसं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली अ‍ॅपची फाईल, जिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असतं, ती कधीही उघडायची नाही. मग ती कंपनीच्या नावानं येवो, बँकेच्या, आरटीओच्या दंडाच्या नाही तर लग्नपत्रिकेच्या.

ते पैसे अक्काचे नव्हते, गटाचे होते. महिन्याची वसुली बायकांनी तिच्या खात्यावर पाठवली होती आणि सोमवारी कर्जाचा हप्ता भरायचा होता. खेड्यापाड्यांत असंच चालतं, कारण गटाच्या खात्यात थेट पैसे टाकायची सोय प्रत्येकीला जमत नाही. पण गटाच्या अध्यक्ष-सचिवांना माझी कळकळीची विनंती आहे, एवढी एक गोष्ट बदला. वसुली एका बाईच्या खात्यावर ठेवणं म्हणजे सगळ्यांची जोखीम तिच्या एकटीच्या डोक्यावर देणं आहे.

संध्याकाळी भाचा क्लासवरून आला, त्यानं फोन हातात घेतला आणि पैसे कापल्याचे मेसेज पाहिले. मला जालन्याला फोन आला तेव्हा अक्काला नीट बोलताही येत नव्हतं. "आरं, कुणालाच नाही सांगितला रं मी," एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत होती. मी आधी तिच्या फोनचा एअरप्लेन मोड लावायला सांगितला, म्हणजे अ‍ॅपचा बाहेरचा रस्ता बंद. मग भाऊजींच्या फोनवरून १९३० लावला. आर्थिक सायबर फसवणुकीसाठीचा हा देशभराचा सरकारी नंबर आहे. त्यांनी खात्याचा नंबर, व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि वेळ विचारली. मेसेजमधून हे सगळं एका कागदावर उतरवून मगच फोन लावा, मध्ये शोधाशोध करायला लागत नाही. संपर्कासाठी घरातल्या दुसऱ्याचा मोबाईल द्या, बाधित फोनचा नको. लगेच बँकेच्या चोवीस तास चालणाऱ्या नंबरवर कार्ड बंद केलं आणि त्या तक्रारीचाही क्रमांक घेतला.

हा क्रमांक फार महत्त्वाचा. रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार ग्राहकाकडून माहिती गेली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याच्यावर पडतं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेनं सोसायचं. म्हणून कळवल्याची वेळ कागदावर हवी. बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटणारं दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, त्यांचा नंबर १४४४८.

पहिली रक्कम हातोहात पुढं सरकली होती. दुसरी मात्र ज्या खात्यात गेली तिथंच गोठवली गेली. ती आपोआप परत येत नाही, त्यासाठी अर्ज करावा लागतो. अर्ज दिलाय, तो अजून चालू आहे. तक्रार घ्यायला ठाण्यात टाळाटाळ झाली तर तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवलेल्या तक्रारीची प्रत पुढं ठेवा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड प्रमाणे दुसऱ्याचं सोंग घेऊन संगणकाद्वारे फसवणं हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

गटातल्या बायकांनी अक्काला एका शब्दानं बोल लावला नाही. गटाच्या बचतीतून हप्ता भरला आणि ती रक्कम तिच्या नावावर अंतर्गत कर्ज म्हणून लिहिली. ती शिलाईतून फेडतेय. बोलले ते नातेवाईक. "शिकलेली असून कशी फसली?" मला या प्रश्नाचा मनापासून राग येतो. या प्रश्नाला भिऊनच लोक दोन-दोन दिवस घरात सांगत नाहीत आणि तेवढ्यात पैसे सात खात्यांतून फिरून गायब होतात.

आता मूळ दुखण्याकडे येतो, कारण ते कळलं तर तो फोन लावायची वेळच येणार नाही. दिवाळीत सेलूला गेलो तेव्हा बड्स बघितले. काहीही बिघडलं नव्हतं. भाच्यानं आदल्या रात्री ते स्वतःच्या टॅबला जोडले होते. बहुतेक बड्स डबीतून काढले की शेवटी ज्या यंत्राला जोडले होते त्यालाच आधी शोधतात. टॅब पलीकडच्या खोलीत होता, ब्लूटूथ चालू. बड्स गुपचूप तिकडं जोडले जात होते आणि अक्काच्या फोनला दाद देत नव्हते. टॅबचं ब्लूटूथ बंद केलं, अक्काच्या फोनवर कीर्तन सुरू झालं.

असं झालं तर पहिलं घरातल्या बाकी फोन, टॅब, टीव्हीचं ब्लूटूथ बंद करून बघा. तरी जमलं नाही तर फोनच्या ब्लूटूथ यादीतून बड्सचं नाव 'फरगेट' करा, दोन्ही बड्स डबीत ठेवा आणि डबीचं बटण दिवा वेगळा लुकलुकेपर्यंत दाबून धरा. किती वेळ दाबायचं ते कंपनीप्रमाणे बदलतं, सोबतच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. मग नव्यानं जोडा. एकच कान वाजत असेल तर बडच्या आणि डबीच्या तळाशी असलेल्या धातूच्या ठिपक्यांवर मळ साचलाय का बघा. तिथं घाम-धूळ बसली की तो बड चार्जच होत नाही. कोरड्या कापसानं पुसा. जोडलेलं दिसतं पण आवाज फोनमधूनच येतो, असं असेल तर बड्सच्या नावापुढच्या खुणेत जाऊन 'मीडिया ऑडिओ' चालू आहे का पाहा. आवाज तुटत असेल तर अंतर बघा. साधारण दहा मीटरपर्यंत ब्लूटूथ नीट चालतं, मध्ये भिंत आली की कमी. वायफायही बहुधा त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, त्यामुळे राउटरजवळही अडखळतं.

यातल्या कुठल्याही पायरीला इंटरनेट लागत नाही, कार्ड लागत नाही, पाच रुपयेही लागत नाहीत. बड्सचं सॉफ्टवेअर अपडेट असलंच तर ते कंपनीच्या अधिकृत अ‍ॅपमधून फुकट येतं आणि ते अ‍ॅप प्ले स्टोअरवर असतं.

एवढं करूनही कंपनीशी बोलायचंच असेल तर बड्स ज्या खोक्यातून आले ते शोधा. वेष्टनबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार ग्राहक तक्रारीसाठीचा फोन आणि ईमेल वेष्टनावर छापणं बंधनकारक आहे. अक्काच्या बड्सचं खोकं कपाटातच होतं. त्यावरचा नंबर आणि नकाशात दिसलेला नंबर यांचा काही संबंध नव्हता. खोकं फेकलं असेल तर बिलावर बघा. वस्तू ज्या दुकानातून घेतली त्या दुकानदाराला विचारा.

अक्काच्या फोनमधलं ते अ‍ॅप काढायला गेलो तर यादीत त्याचं चिन्हच दिसेना, अशी अ‍ॅप्स स्वतःला लपवतात. आतले फोटो दुसरीकडे उतरवून घेतले आणि फोन पूर्ण रीसेट केला. नव्या कार्डाचे ऑनलाइन व्यवहार आता बंद ठेवलेत. ही चालू-बंद करायची सोय २०२० पासून प्रत्येक बँकेला द्यावीच लागते. बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा शाखेत करून मिळते. रोज ऑनलाइन खरेदी न करणाऱ्या आई-वडिलांच्या कार्डावर हे याच आठवड्यात करून घ्या.

नकाशातल्या त्या नोंदीची मी तक्रार केली, ती गेली. काही दिवसांनी तेच नाव, तेच चिन्ह, नंबर वेगळा अशी दुसरी आली. तिचीही केली. आणि ज्या नंबरवरून अक्काला फोन आला तो दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर, संशयित कॉल कळवण्यासाठीच्या 'चक्षु' या सोयीत नोंदवला. तुमच्याकडेही अशा कॉलचा नंबर अजून कॉल लॉगमध्ये असेल तर पुसू नका, तिथं नोंदवा.