मेझजीडीबी : मक्याच्या जनुकांची घराणी शोधताना

अमेरिकेच्या कृषी खात्याची संशोधन शाखा आयोवातील एम्स येथून चालवत असलेला मेझजीडीबी हा मक्याचा जनुकीय डेटाबेस 2003 पासून सर्वांसाठी विनामूल्य खुला आहे. गवतवर्गीय वनस्पतींत पान आणि भ्रूण कसे घडतात हे शिकू वा शिकवू पाहणाऱ्याला तो कितपत उपयोगी पडतो, एवढ्याच अंगाने मी त्याचा विचार केला आहे.

सुरुवात ‘नॉटेड1’पासून करावी. या जनुकात 1991 मध्ये होमिओबॉक्स आढळला, म्हणजे इतर जनुके चालू-बंद करणाऱ्या प्रथिनाचा डीएनएला चिकटणारा भाग घडवणारा डीएनएचा तुकडा. वनस्पतींत तो प्रथमच सापडत होता. सामान्य रोपात हे जनुक शेंड्याच्या मेरिस्टेममध्ये (सतत विभागून नवे अवयव देणाऱ्या पेशींच्या समूहात) चालू असते आणि नवे पान जिथून फुटायचे तिथे बंद होते. ते पानातही चालू राहिले, तर शिरांवर गाठी उठतात आणि पाते व आवरण यांच्या सांध्यावर असणारा लिग्यूलचा पापुद्रा भलत्याच जागी उगवतो. डेटाबेसमधील नोंदीत गुणसूत्रावरील स्थान, म्यूटंट (जनुकात बदल झालेले) प्रकार, शोधनिबंध आणि इलिनॉयमधील अर्बाना येथील बीजकेंद्रातल्या वाणांची माहिती एकत्र मिळते. म्यूटंट रोपांची छायाचित्रे तर वर्गात तासभर पुरतील.

अडचण येते ती जनुकांच्या कुळाकडे वळल्यावर. मक्याच्या पूर्वजाचा जीनोम (संपूर्ण जनुकीय संच) दुप्पट झाल्याने अनेक जनुकांना जोडीदार आहेत. ‘नॅरो शीथ1’ आणि ‘नॅरो शीथ2’ ही वॉक्स या होमिओबॉक्सधारी जनुकांच्या कुळातील जोडी याचे ठळक उदाहरण आहे : दोन्ही बिघडली तरच पानाच्या खालच्या भागाच्या कडा नाहीशा होऊन ते अरुंद होते. एकाचीच नोंद वाचणाऱ्या नवख्याचा गैरसमज व्हायला वेळ लागत नाही. निबंध जुना असेल तर त्यातील जनुकक्रमांक जीनोमच्या नव्या आवृत्तीत बदललेला असतो आणि तो आधी रूपांतरित करून घ्यावा लागतो. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याची सोय तेथेच आहे.

भ्रूणाच्या बाबतीत मात्र माझे समाधान झाले नाही. क्यूटेलर हे साधन निरनिराळ्या ऊतींतील जनुकांच्या अभिव्यक्तीचे (जनुक किती चालू आहे याचे) आकडे झटपट शेजारी मांडते. परंतु भ्रूणात ‘नॉटेड1’ प्रथम जागे होते ते भावी मेरिस्टेमच्या मोजक्या पेशींत, आणि संपूर्ण भ्रूणाच्या सरासरीत तो ठिपका हरवून जातो. त्यासाठी मूळ निबंधांतील सूक्ष्मदर्शीय चित्रेच पाहावीत.

2021 मध्ये प्रसिद्ध झालेले 26 वाणांचे जीनोम येथे तुलनेसाठी उपलब्ध असल्याने मक्यापुरते दुसरीकडे जाण्याची फारशी गरज पडत नाही. भात किंवा ज्वारीतील भावंड जनुके शोधायची असल्यास ग्रामीन हा अनेक वनस्पतींच्या जीनोमची तुलना करणारा डेटाबेस अधिक सोयीचा, कारण तेथे जनुकांचे वंशवृक्ष तयार मिळतात.